मागच्या-पुढच्या चाकांचं भांडण

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण गुरांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीतला आवाज मी कपातला चहा निवायच्या आत शोधून काढला. त्याआधी तीन गॅरेजांनी हात टेकले होते.

गाडी चारही चाकं ओढणारी, पण सेकंडहँड. बाईंना चढावरच्या गोठ्यांवर जावं लागतं, तिथे साधी गाडी टिकत नाही. घेतली आणि आठवड्यात कण्हायला लागली. वळण आलं की पोटाखालून असा आवाज, की बाई म्हणायच्या, अडलेली गाय परवडली. पहिल्या गॅरेजने चाकाचं बेअरिंग बदललं. दुसऱ्याने शाफ्टचा जॉइंट बदलला. तिसऱ्याने फाटकासमोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली, आवाज आला नाही, म्हणून बाईंनाच विश्रांती घ्यायला सांगितलं.

चौथं गॅरेज आमचं. म्हणजे माझ्या पुतण्याचं. मी तिथे सेहेचाळीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, एवढंच. आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझा डावा कान केव्हाच गेला. उजवा दोन वर्षांपासून आवराआवर करतोय. मागच्या आठवड्यात माझ्यावरच्या गाडीचा जॅक सरकला. गॅरेजातला रंगारी ओरडला म्हणे, सगळे ओरडले म्हणे. मी खाली निवांत नट फिरवत होतो. गाडी पडली नाही, पण पुतण्याचा चेहरा पडला. त्याने मला पाणी दिलं, समोर बसला आणि हळू बोलला. मी ओठांवरून वाचलं: ज्याला ऐकू येत नाही, त्याने गाडीखाली जायचं नाही.

मी म्हटलं, ऐकलं होतं रे, सावकाश निघत होतो. त्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाला, "बरं. डॉक्टरबाईंच्या गाडीचा आवाज तुम्ही एकट्याने शोधा, काका. शोधलात तर मी परत कधी बोलणार नाही."

त्याचं चूक नाही. पण घरी बसून मी करू काय? मुलगा आठला जातो, सूनबाई नवाला. मग मी आणि फ्रीज. तो गुणगुणतो असं सूनबाई सांगते.

तर गाडी दुरुस्त झाली, बाई न्यायला आल्या, चहा आला, आणि पुतण्याने सगळ्यांसमोर विचारलं की शोधलंत कसं. सगळे म्हणजे तो, रंगारी आणि बाई. मी टेकलो. गुडघे दुखत होते, पाठ धरली होती, आणि खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, हे या वयात कळतं.

मी सांगितलं, इंजिन चालू ठेवलं आणि गाडीखाली सरकलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानाला. आधी पुढचा शाफ्ट बोलला: मी दमलो. मग मागचा बोलला: तुझी नाटकं पुरे, मी काय बसून आहे? नुसती धाकट्या जावेची आणि थोरल्या जावेची जुंपलेली. रंगारी हसायला लागला. मी म्हटलं, हसू नकोस, मी दोघांचे फेरे कानाने मोजले. मागचं चाक शंभर फेरे घेतं तेवढ्यात पुढचं एकशे दोन. तिथेच मी ओळखलं, की आधीच्या मालकाने मागे टायर बसवलेत ते पुढच्यांपेक्षा जरासे मोठे. बाई चढाची सवय म्हणून चारही चाकांना जोर देणारी दांडी डांबरी रस्त्यावरही ओढूनच ठेवतात. मग दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात आणि एकमेकांना ओढतात. चिखलात चाक घसरतं, भांडण मिटतं. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग कण्हणं. तिसऱ्या गॅरेजने दांडी ओढलीच नव्हती, त्यांना ऐकू काय येणार?

पुतण्या मान हलवत होता. खूश दिसत होता बिचारा. त्यालाही मला घरी पाठवायचं नव्हतंच. चारही टायर एका मापाचे घातले आणि गाडी गप्प झाली, हे त्याने स्वतः चालवून पाहिलं होतं. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, त्या दिवशी तर गिअरबॉक्सच्या तेलात मुंगी पडली तिचंही पाऊल मला ऐकू आलं.

"पण काका, गाडी तर बंद होती," डॉक्टरबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. चेष्टा नाही, काही नाही, सरळ. "मी आतच बसले होते की. तुम्ही दोरी घेऊन एकेक टायर मोजत होतात, दोरीला गाठी मारत. मला गोठ्यावरून फोन आला, म्हणून तुम्हाला हाक मारली, मग हॉर्न वाजवला. दोनदा. तुम्ही बंपरला टेकून बसला होतात, आणि तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत."