आसाला घातलेलं तेल

मथुराबाईची बैलगाडी दुकानापुढं थांबली आणि चन्नम्माचे हात पिठातच राहिले. गाडीत कडब्यावर फटफटी आडवी घातली होती. लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली ती फटफटी बलभीमनं, मथुराबाईच्या एकुलत्या लेकानं, हौसेनं घेतली होती. तिच्यावरूनच तो येरमाळ्याच्या घाटात कोसळून गेला, त्याला महिना होत आला होता.

चन्नम्माचा नवरा गुरुसिद्धप्पा मिस्त्री. कळंबातलं त्याचं दुकान मूळचं बैलगाड्यांचं. फटफट्या तो अलीकडं शिकला. पण बापाचा रिवाज त्यानं सोडला नव्हता. तक्रार आली की आधी हुज्जत नाही. माणसाला बाजेवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत काम उकलायचं.

मथुराबाईनं पाण्याला हात लावला नाही.

"मिस्त्री, म्या भांडाया न्हाय आले. गाव म्हणतंय, पोरगं शिंदी पिऊन मेलं. सुनंला माझ्या बाहेर तोंड काढता येईना. लेकानं शिंदी कधी हुंगली न्हाय. तुमी चाक दुरुस्त करून दिलं अन् घाटात त्यो गेला. चूक त्याची का तुमची, येवढं सांगा."

शेजारच्या बंडप्पा पानवाल्यानं मान पुढं काढली. "मावशी, फटफटीला बैलाची अक्कल कुठं? बैल उताराला आपणहून दबतो. पोरं नुसती पळवत्यात. त्यात मिस्त्रीचा काय गुन्हा?"

"तू गप रे," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "तुझ्या पानात चुना जास्त झाला, तर गिऱ्हाइकाच्या जिभेला दोष देतूस काय?"

त्यानं मागचं चाक उतरवलं. गाडी देण्याआधी ब्रेक त्यानं स्वतः दाबून पाहिला होता, त्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ब्रेकचे पट्टे बाहेर आले. त्यानं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.

चन्नम्मा उंबऱ्यात येऊन उभी होती. तो वास तिला तिथं येत नव्हता, पण कसला ते तिला कळलं होतं. करडईच्या तेलाचा.

या घरची चालच होती. दुरुस्त झालेली गाडी दारातून निघाली की घरच्या सुनेनं चाकाला विभूती लावायची, आसाला, म्हणजे चाकाच्या कण्याला, तेल सोडायचं आणि म्हणायचं:

*तेल घालिते आसाला, हात जोडिते चाकाला,*
*नेशील त्या लेकराला, आण सांजंला घराला.*

बलभीम निघाला तेव्हा नवरा पलीकडं दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिनं फटफटीच्या चाकालाही तेल सोडलं. हात सैल सोडून, भरपूर.

गुरुसिद्धप्पानं दाराकडं एकदाच पाहिलं. मग मान खाली घातली.

"मावशी, तुमचा लेक शुद्धीत व्हता. ब्रेकात तेल उतरलंय. कितीबी दाबला तरी धरणार न्हाय. चूक माझी."

"त्यांची न्हाय." चन्नम्मा पदर सावरत अंगणात आली. गिऱ्हाइकांपुढं ती असं कधी येत नसे. "तेल म्या घातलं. सुखरूप जावा म्हणून घातलं."

"हे चाक निराळं, ह्याला तेल चालत न्हाय, हे म्या तुला कधी सांगितलं?" गुरुसिद्धप्पा म्हणाला. "ऱ्हाऊ दे. माझीच हाय."

मथुराबाई शिव्या देईल, छाती बडवेल, असं चन्नम्माला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हातारीनं तिला एवढंच विचारलं,

"हे माझ्या गावात म्हणशील? चावडीवर? माझ्या सुनंच्या तोंडावर?"

चन्नम्मानं हात धुतले. गुरुसिद्धप्पानं पटका बांधला. "दोघंबी येतो."

उघडं चाक दुकानात तसंच पडलं आणि गाडी निघाली. गुरुसिद्धप्पा बैलांबरोबर चालत होता. मथुराबाई पाठ करून बसली होती. सुनेला काय आणि कुठल्या तोंडानं सांगावं, ते चन्नम्माला सुचत नव्हतं. ज्वारीची रानं मागं सरत होती.

माळ लागल्यावर म्हातारी वळली.

"शेवटचं काय बोलला गं माझा बलभीम? तुझ्याशीच बोलला असंल."

चन्नम्मा गाडीच्या चाकाकडं बघत बोलली.

"म्हनला, काकू, हिला पेट्रोल पाजा की, तेल काय पाजताय? लई हसला. तरीबी तेल घालून हुईस्तोवर हात जोडून उभा ऱ्हायला."

"व्हय," मथुराबाई म्हणाली. "तसाच व्हता त्यो. मोठ्यांचा शब्द मोडायचा न्हाय."

आणि गाडीच्या दांडीला धरून ती रडू लागली. चन्नम्माचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला. पाठीला लागायच्या आत तिनं तो मागं घेतला.