म्हैसासुराचं जाळं

आमच्या पाड्यावर राक्षस व्हायला वशिला चालत नाही, त्या घरात जन्मावं लागतं. चैत्रातल्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या जत्रेत, कुठल्या देवाचं नि कुठल्या दैत्याचं सोंग कुणी नाचवायचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. जगदंबा गोकुळच्या घरात, म्हैसासुर जिवाच्या घरात. शेवटच्या दिवशी सकाळी जगदंबा म्हैसासुराला मारते. म्हणजे गोकुळ जिवाला मारतो आणि मग दोघं बसून चहा पितात. तीस वर्षं असं सुरळीत चाललं होतं.

दोन हजार एक साली मरता मरता जिवाचं धोतर सुटलं. म्हैसासुर चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर मेला. लोक हसले. पाटलांनी तिथंच बजावलं, "पुढच्या साली असं झालं तर सोंग दुसऱ्या घरात." दुसरं घर म्हणजे गोकुळचंच, त्याचा धाकटा भाऊ लक्ष्या मुखवट्याचं माप घ्यायलाच टपला होता. देवीही आपली आणि दैत्यही आपलाच, ही सोय एरवी फक्त राजकारणात मिळते.

जिवा दोन दिवस जेवला नाही.

"दैत्यपण गेलं तर माझ्यात राहिलं काय?" तो म्हणाला. "नुसता म्हातारा."

"बाबा, मी शिवते ना," त्याची सून नीता म्हणाली. "असा झगा शिवते की गोकुळदादा मारायचं विसरेल."

नीता जव्हारच्या शिंप्याची मुलगी. मशीन, क्रोशाची सुई आणि स्वतःचं मत, तिन्ही माहेरून घेऊन आलेली. तिचा भाऊ ठाण्यात कपड्यांच्या कारखान्यात होता. त्यानं तिला एक परदेशी पुस्तक आणून दिलं होतं. त्यात काळ्या कपड्यांतल्या पांढऱ्याफटक बायका, कवट्या, वटवाघळं, कोळ्याची जाळी, आणि प्रत्येकाचा नमुना टाके मोजून दिलेला. वर लिहिलं होतं 'गॉथिक'. नीताचा नवरा धर्मेंद्र झेडपी शाळेत मास्तर. त्यानं डिक्शनरी काढली.

"चर्चच्या उंच कमानी," तो म्हणाला. "हे बांधकामाचं पुस्तक आहे."

"बांधकाम तर बांधकाम. राक्षस तरी पक्का होईल."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. काळं साटन, लाल अस्तर, छातीवर सहा कवट्या आणि खांद्यापासून टाचेपर्यंत क्रोशाचं कोळ्याचं जाळं. साखळीचे टाके, खांबाचे टाके, पुन्हा साखळी. पौषात पहिलं जाळं दोरीवर वाळत घातलं होतं, ते बकरीनं खाल्लं. बकरीला काही झालं नाही. नीतानं तिच्या पेकाटात लाथ घातली, बकरीनं शिंग मारलं, नीताची मांडी आठ दिवस काळीनिळी होती. माघात कवटीचा दात शिवताना मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली आणि आत मोडली. मास्तरांनी पकडीनं तुकडा ओढून काढला आणि ते स्वतः चक्कर येऊन पडले. नीतानं आधी बोट बांधलं, मग नवऱ्यावर पाणी मारलं, मग दात पुरा केला.

दुसरं जाळं फाल्गुनात तयार झालं. पाटलांची बहीण मोखाड्यात दिलेली. तिनं भावाजवळ शब्द टाकावा म्हणून तिला दाखवायला नीता ते बाजाराच्या दिवशी पिशवीतून घेऊन गेली. सोबत मास्तर. मोखाड्याच्या बाजारात जीपच्या थांब्यावर लक्ष्या भेटला.

"काय वहिनी, मासे धरायला निघाल्या का?"

"तुझ्या मापाचा मासा नाय त्यात," नीता म्हणाली.

लक्ष्यानं पिशवी ओढली. मास्तर मध्ये पडले आणि अहिंसेवर दोन वाक्यं बोलले. तिसऱ्या वाक्यात लक्ष्यानं त्यांचा पुढचा दात पाडला. मास्तरांनी उरलेल्या दातांनी लक्ष्याच्या कानाचा चावा घेतला. सुक्या मासळीच्या टोपल्या उलटल्या, मासळीवाल्या बायकांनी तराजूनं दोघांनाही हाणलं. हे सगळं संपलं तेव्हा जाळ्याचे चार तुकडे झाले होते.

बोहाड्याला तीन आठवडे होते. घरी येऊन नीता म्हणाली, "आता तुटूनच दाखव म्हणावं." धरणावर मासे धरणाऱ्यांकडून तिनं नायलॉनचा काळा दोरा आणला आणि तिसरं जाळं दुहेरी दोऱ्यानं विणलं. बोटं चिरली, वीण तसूभर हलली नाही. मास्तरांनी दोन हातांनी ताणून पाहिलं. नंतर पाय लावून. जाळं तसंच राहिलं.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी जिवा नव्या झग्यात अंगणात उतरला. बायकांनी पोरं पोटाशी धरली. दोन पोरं रडली. जिवानं ते ऐकलं आणि त्याची मान ताठ झाली. तीस वर्षांत कुणी त्याला भ्यालं नव्हतं.

संबळ वाजू लागला. गोकुळ जगदंबेचा मुखवटा लावून आला, हातात लोखंडी तलवार. तलवार तीनदा अंगाला लावायची, तिसऱ्यांदा दैत्यानं पडायचं, अशी रीत. भावाचा कान गोकुळच्या मनात असावा, कारण पहिल्याच घावाला त्यानं तलवार लावली नाही, मारली.

तलवार जाळ्यात शिरली आणि अडकली.

गोकुळनं ओढली. जिवा फरपटत पुढं आला. गोकुळनं पिळली, जाळं आवळलं, आता म्हैसासुराचा हात, गळा आणि देवीचं शस्त्र एका गाठीत. देवीनं दैत्याच्या पोटात लाथ घातली. दैत्यानं देवीच्या नाकावर ठोसा मारला, मुखवट्याखालून रक्त गळायला लागलं. लक्ष्या धावला, मास्तर त्याच्या पाठीवर चढले. संबळवाला रंगू थांबू शकत नव्हता. दैत्य पडल्याशिवाय संबळ थांबवत नाहीत.

"पड रे जिवा!" पाटील ओरडले.

"कसा पडू? हा धरून आहे!"

"सोड रे गोकुळ!"

"मी धरलं नाय. वहिनीनं धरलंय!"

जिवाचा आवाज घोगरा झाला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर म्हैसासुर खरोखरच मेला असता, आणि सोंग लक्ष्याकडे जायला पाटलांचीही गरज उरली नसती. नीतानं नारळ फोडणाऱ्याच्या हातातला कोयता हिसकावला आणि ती मध्ये घुसली. जाळं तिनंच विणलेलं, कुठं कापलं की सगळं उसवेल हे तिला ठाऊक होतं. मानेपाशी एक, काखेत एक. तिसऱ्या घावाला जिवाचा खांदाही कापला. जाळं सुटलं.

"बाबा, आता मरा."

"तीन झाले?"

"तीनच झाले."

जिवा पडला. हात पसरून, सावकाश, रक्तासकट, कवट्या वर करून. असा पडला की रंगू संबळ थांबवायचं विसरला.

मोखाड्याच्या दवाखान्यात जिवाच्या खांद्याला अकरा टाके पडले. शेजारच्या खाटेवर गोकुळ नाकात बोळे घालून बसला होता. दुपारी पाटील आले, उभ्यानंच बोलले.

"घाव सुनेनं घातले हे रीतीत बसत नाय. पण मरण चांगलं होतं. सोंग तुमच्याच घरात."

गोकुळ बोळ्यांतून काहीतरी म्हणाला. ते कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पाटील गेल्यावर जिवानं डोळे उघडले. "जाळं?"

"तुकडे झाले, बाबा."

"परत कर. नाचताना टिकेल आणि मरताना तुटेल असं."

"असा दोरा कुठं मिळतो?"

"तू शिंप्याची ना?" म्हणून त्यानं कूस बदलायला घेतली, ती टाक्यांनी बदलू दिली नाही.

नीतानं रक्ताळलेला तुकडा मांडीवर पसरला आणि विणीची कुठली ओळ शाबूत राहिली ते शोधू लागली.