चपला तर इथंच आहेत

"मशीन बंद पडलं की आमचा साहेब बरोब्बर गायब होतो!" इस्त्रीवाली करवादली.

"जातील कुठं? चपला तर इथंच आहेत!" नवी लागलेली पोरगी हेल काढून म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुसरं कुणीच हसलं नाही.

बाहेर, एका व्हिडिओतल्या बाईचं हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. बस चुकली, पुढारी पळाला, नवरदेवाला उशीर झाला, की कुणीतरी म्हणणारच. ते बनियनवर छापलं गेलं. ठेका लावून त्याचं गाणंही झालं आणि पोरं त्यावर नाचली. घडीवाली मान खाली घालून या सगळ्यातून रोज वाट काढायची. या एका खोलीत मात्र ते कधी कानावर पडलं नव्हतं. म्हणून तर पाठीचा भुगा झाला तरी ती हे काम सोडत नव्हती. इथं ती चादरींच्या घड्या घालणारी बाई होती, बस.

"मावशी, तुम्ही म्हणा ना! अगदी त्या बाईचाच आवाज आहे तुमचा. मी व्हिडिओ काढते."

"तोंड आवर आणि कामाला लाग," इस्त्रीवाली खेकसली.

"अहो, गंमत आहे! मावशींनी मूळ व्हिडिओ पाहिलेलाच दिसत नाही. थांबा हं."

नवीने फोन घडीवालीच्या नाकापुढे धरला. तिने खरंच तो व्हिडिओ कधी पाहिला नव्हता. बोलली होती तीच, मग बघायचं काय?

बर्फाच्या कारखान्यात शिरताना माणसं दाराशी चपला काढून रबरी बूट घालत. गॅसची नळी फुटल्याचं कळलं तशी ती धावत सुटली होती. 'वहिनी, सगळ्यांना मागच्या दाराने काढलंय,' असं दिराने सांगितलं, आणि चपलांच्या गर्दीत तिला नवऱ्याची, तारेने शिवलेली जोडी दिसली. एवढी जपलेली जोडी टाकून हा माणूस घरी जायचा नाही. म्हणजे असेल इथंच कुठं तरी बूट घालून. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कुणीतरी माइक पुढे केला. ती हसतच बोलली होती.

"आता मागचा माणूस बघा," नवीला दम निघेना. "हसू दाबून दाबून मेलाय बिचारा! खरी मजा त्याचीच आहे."

मागे दीर होता. भिंतीकडे तोंड, तोंडात शर्टाची बाही कोंबलेली, खांदे गदगदा हलताहेत. असं त्याला तिने एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा.

तिने मान वर केली. साऱ्या बायका आपापल्या हातातल्या कपड्यांकडे बघत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं? ती बाई मी आहे म्हणून?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "तू कामाला लागलीस त्या दिवसापासून."

नवीचा चेहरा खर्रकन उतरला. "मावशी... तुम्ही? पण मग... काका सापडले ना नंतर?"

इस्त्रीवाली काहीतरी सावरायला पुढे झाली, तिला घडीवालीने हातानेच थांबवलं. नवीच्या हातातला फोन तिने सरळ केला आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"हा हसत नाहीये, बाळ. माझा दीर आहे हा. याला कळलं होतं. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं. मी हे बोलले तेव्हा माझा नवरा मेलेला होता."