तोंडावर बोलणारा

मागच्या निवडणुकीनंतर आप्पांनी लेकीकडचं रविवारचं जेवण सोडलं. भांडण असं काही झालं नव्हतं. जेवताना जावई काहीतरी म्हणाले, सगळे हसले. आप्पांनी विचारलं, "काय?" आणि लेक म्हणाली, "काही नाही आप्पा, जेवा तुम्ही." आप्पा जेवले, हात धुतले, आणि पुढच्या रविवारी आले नाहीत. आई एकटीच आली. "त्यांचं पोट बिघडलंय," म्हणाली. नवी निवडणूक आली तरी ते पोट सुधारलं नाही.

आप्पांची सगळी नोकरी आता बंद पडलेल्या खिळ्यांच्या कारखान्यात झाली. तार खेचायची, तोडायची आणि ठोकून तिला डोकं आणायचं, एवढंच तिथल्या मशिनी दिवसभर करत. अशा मशिनी पत्र्याच्या एकाच शेडमध्ये ओळीने उभ्या होत्या. तिथून निवृत्त झालेला माणूस बहिरा नसेल तर त्याने कामचुकारपणा केला असं समजावं, असं फोरमन म्हणायचा. तो स्वतः ठार बहिरा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

शेडमध्ये बोलण्याची रीत ठरलेली होती. आधी खांद्याला हात लावायचा, मग समोर यायचं, मग तोंड पूर्ण उघडून बोलायचं. ऐकणारा ओठ वाचायचा. पाठीमागून बोललेलं कुणी हिशेबात धरत नसे. पाठीमागून बोलणारा एक तर नवखा, नाहीतर चहाडखोर.

हे लक्षात घेतलं नाही तर आप्पांचं मत कुठे जायचं आणि का, ते कळणार नाही.

शहराच्या पुढाऱ्याला विरोधक 'ढोल' म्हणत आणि कारखान्याची माणसं 'आपला' म्हणत. पुढारी प्रत्येक वाक्य तीनदा बोले. एकदा डावीकडे बघून, एकदा समोर, एकदा उजवीकडे. "कारखाना पुन्हा सुरू होणार" हे वाक्य संपेपर्यंत सभागृहाबाहेर माणसाचा चहा पिऊन होई. वर्तमानपत्रांनी यावर व्यंगचित्रं काढली. आप्पांचे जावई दाताचे डॉक्टर होते. ते म्हणत, "जबडा असा उघडतो की घरात टीव्हीसमोर बसून तपासता येतो. खालची डावी दाढ काढायला झालीय."

कारखान्याच्या माणसांना मात्र शंका नव्हती. पुढाऱ्याचा मामा एकेकाळी पॅकिंगला होता. म्हणजे शेडची रीत याला ठाऊक आहे, आणि तो असा बोलतो ते आपल्यासाठी. सभागृहात खुर्च्यांचे तीन भाग असत. कुठेही बसा, प्रत्येक वाक्य एकदा तरी तुमच्याकडे तोंड करून येणारच. जन्मभर "काही नाही, जेवा तुम्ही" ऐकलेल्या माणसांना ही चैन होती.

कारखाना काही सुरू झाला नाही. मशिनी भंगारात गेल्या आणि ते भंगार पुढाऱ्याच्या पुतण्याने उचललं. कोर्टात खटला उभा राहिला. पुढारी म्हणाला, हे कारस्थान आहे. तीनदा म्हणाला.

लेक शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. दिवसभर "शूऽऽ" करून तिचा आवाज कायमचा खाली बसला होता. नवरा दिवसभर अशा माणसांशी बोलायचा ज्यांच्या तोंडात त्याचाच हात असे. तिला आवाजाची सवय नव्हती आणि त्याला उत्तराची. दोघांनी मिळून आप्पांच्या मतदानाचं निदान केलं होतं.

"त्यांना तो काय बोलतो ते ऐकूच येत नाही," जावई म्हणाले. "नुसता जबडा दिसतो. एकदा नीट ऐकलं की संपलं."

"आणि मग येतीलही पुन्हा जेवायला," लेक म्हणाली. तिला खरं तर एवढंच हवं होतं. टेबलाशी आप्पांची खुर्ची तिने अजून हलवली नव्हती. तिच्यावर आता धुतलेले कपडे ठेवले जात.

तिने आप्पांना ऐकण्याचं यंत्र आणून दिलं. चांगलं, कानात दडणारं. आप्पा आधी नको म्हणाले, मग आरशात बघून दिसत नाही याची खात्री केली आणि घातलं. पहिल्या दिवशी त्यांनी फ्रीज बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, "तू भांडी घासताना गातेस?"

"लग्नापासून," आई म्हणाली.

"बेसूर आहे."

"म्हणून तर तुमच्याशी जमलं."

प्रचाराची पहिली सभा झाली तेव्हा लेक रजा काढून आप्पांबरोबर गेली. सभागृहात कारखान्याची मंडळी आधीच बसली होती. फोरमनने आप्पांच्या खांद्याला हात लावला, समोर आला आणि ओरडला, "पोरगी आपल्यात आली की काय?"

"बघायला आलीय!" आप्पा ओरडले.

"बघू दे! बघायला पैसे पडत नाहीत!"

पुढारी उभा राहिला. "आई-बापहो! मी! तुम्हाला! विसरलो नाही!" डावीकडे. मग समोर. मग उजवीकडे. आप्पांनी कानाला हात लावला. लेक त्यांच्याकडेच बघत होती. मधे पुढाऱ्याने पाणी प्यायला घेतलं आणि शेजारच्या सेक्रेटरीला, माइकपासून मान वळवून, म्हणाला, "हे थेरडे टाळ्या का वाजवत नाहीत? झोपले का काय?" पुढच्या रांगेत कारखान्याच्या इतर कुणालाच ते कळलं नाही. त्याचं तोंड दुसरीकडे होतं. आप्पांना कळलं. लेकीने त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं, आणि बापाचा चेहरा पडला असताना आपल्याला आनंद होतोय याची तिला थोडी लाजही वाटली.

बाहेर आल्यावर तिने दुसरा बाण काढला. "आणि आप्पा, ते कॅमेरे पाहिलेत? डावीकडे एक, मधे एक, उजवीकडे एक. तो त्यांच्यासाठी तीनदा बोलतो. तुमच्यासाठी नाही. मामाचा काही संबंध नाही."

आप्पा घराच्या पायऱ्या चढले. दारात म्हणाले, "रविवारी येतो."

लेकीने फोनवर नवऱ्याला सांगितलं, "ढोल फुटला." खुर्चीवरचे कपडे उचलून तिने कपाटात कोंबले.

रविवारी आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. सूप झालं, मासे आले. आणि सवय मोठी वाईट. यंत्र दिसत नव्हतं, त्यामुळे समोर तेच जुने आप्पा बसले होते, ज्यांच्या देखत काहीही बोलता येत असे.

जावयांनी माशाचा काटा काढता काढता ताटाला विचारलं, "मग? उतरलं का भूत?"

"उतरतंय," लेक बटाट्यांना म्हणाली. "हळूहळू. त्यांना समजायला वेळ लागतो ना."

"ऐन वेळी परत त्याच्याकडे जायचे. त्यापेक्षा मतदानाच्या दिवशी गाडी नादुरुस्त आहे म्हणू. चालत काही जाणार नाहीत, गुडघे कुठे आहेत? एक मत कमी झालं तर देशाचं भलंच."

लेक फक्त हसली, पण हसली.

आईने समोरून डोळे मोठे केले, पण उशीर झाला होता. आप्पांनी काटा-चमचा खाली ठेवला. मग उठले, टेबलाला वळसा घालून जावयांच्या शेजारी गेले, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि समोर आले.

"जावईबापू," ते म्हणाले, "गुडघे इथेच आहेत. समजायला वेळ लागतो हेही खरं. पण आज ऐकायला लागला नाही."

जावयांचं तोंड उघडं राहिलं. उत्तराची सवय नव्हतीच.

"आप्पा, आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं," लेक म्हणाली.

"तसंच म्हणायचं होतं. आणि किती वर्षं म्हणताय ते आता कळलं." ते तिच्याकडे वळले. "तो आम्हाला थेरडे म्हणाला, ऐकलं मी. कारखाना सुरू होणार नाही हेही मला माहितेय. मशिनींचा ट्रक माझ्या दारावरून गेला, मी काय डोळ्यांनीही बहिरा आहे? तो खोटं बोलतो. पण माझ्याकडे तोंड करून बोलतो. तुम्ही खरं बोलता, बटाट्यांकडे बघून."

"अहो आप्पा, तो कॅमेऱ्याकडे तोंड करतो!" लेक म्हणाली.

"करू दे. मी कॅमेऱ्याच्या खाली बसतो. तोंड माझ्याकडे येतं ना?"

शेवटी जावयांनी, बोलायचं म्हणून, आईंना विचारलं, "आणि आई, तुम्ही कुणाला देता मत?"

"त्याच्यासमोर उभ्या असतात त्या बाईंना," आई म्हणाली. "पहिल्यापासून."

आप्पा थक्क झाले. "कधी बोलली नाहीस!"

"कुणी विचारलंय?" आईने शेवटचा मासा स्वतःच्या ताटात घेतला.

आप्पा शर्टाच्या बाह्या नीट करून निघाले. पुढच्या रविवारी खुर्ची रिकामी राहिली आणि त्याच्या पुढच्याही. आईने या वेळी पोटाचं नाव काढलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी आप्पा काठी घेऊन पायऱ्या उतरत होते, तेव्हा दारात लेकीची गाडी उभी होती.

"नादुरुस्त नाही वाटतं?" आप्पा म्हणाले.

"बसा."

"मी त्यालाच देणार आहे."

"माहितेय. बसा."

रस्त्यात पुढाऱ्याचा जबडा खांबाखांबावर लावलेला होता. दोन चौक गेल्यावर लेक रस्त्याकडे बघत काहीतरी म्हणाली. आप्पांनी यंत्राशी चाळा केला. गाडीच्या आवाजात ते नुसतं खरखरत होतं. तिने पुन्हा म्हटलं. मग अचानक तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पट्टा सोडून अख्खी त्यांच्याकडे वळली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून शिव्या देत गेला.

"आप्पा," ती म्हणाली, आणि वाचनालयात वीस जण दचकले असते अशा आवाजात म्हणाली, "तो निवडून आला तर माझं वाचनालय बंद करणार आहे. तिथे त्याला गाड्यांचा तळ करायचाय. जाहीरनाम्यात आहे. माझी नोकरी जाईल."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. "हे कधी सांगितलंस?"

"तीनदा तरी. गाडीत बसल्यापासून."

"कुणाला?"

ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "आता तुम्हाला सांगतेय."

आप्पांनी काठी गुडघ्यांमधे उभी धरली आणि विचार केला. बराच केला. लेकीला वाटलं, जमलं. घरी असंच बोलायला हवं होतं, इतकं सोपं होतं.

"नाही करणार तो बंद," आप्पा म्हणाले.

"जाहीरनाम्यात आहे, आप्पा!"

"कारखानाही जाहीरनाम्यात होता. केला का सुरू? तो म्हणतो त्यातलं काही करत नाही, पोरी. तू उगाच घाबरतेस."

लेकीच्या वाचनालयातल्या कपाटभर पुस्तकांत या युक्तिवादाला उत्तर असेल, पण ते तिला आठवेना.

"आणि केलंच तर?" तिने विचारलं.

"केलंच तर मी आणि फोरमन दारात खुर्च्या टाकून बसू. आमच्यावर ओरडून उपयोग नाही, ऐकूच येत नाही." मग जरा थांबून, हळू म्हणाले, "तुझी नोकरी जाऊ देणार नाही. पण त्याला सोडलं तर तो एकटा नाही सुटत. फोरमन सुटतो, सगळी शेड सुटते. आम्ही उरलोय किती? सभेत मी आप्पा नसतो, बहिरा नसतो. सगळेच बहिरे असतात."

तिने पट्टा लावला.

मतदान केंद्र एका शाळेत होतं. आप्पा आत गेले. फोरमन दारातच भेटला, दोघे एकमेकांच्या तोंडावर ओरडले, रांगेतली एक बाई दचकून मागे सरकली. लेक गाडीत बसून होती. तिने स्वतःचं मत आधीच देऊन टाकलं होतं आणि ते आता आप्पांच्या मताने कटलं, हे गणित तिला बोटं न मोजता येत होतं.

आप्पा बाहेर आले, काठी मागच्या सीटवर टाकली आणि बसले.

"दिलंत?"

"दिलं."

"त्यालाच?"

"तुझ्या तोंडावर सांगतो. त्यालाच."

लेकीने गाडी सुरू केली आणि समोरच्या काचेला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

तिने इंजिन बंद केलं, खांद्याला हात लावला, त्यांच्याकडे पूर्ण वळली आणि तोंड उघडून एकेक शब्द सुटा केला. "म्हटलं, तुम्ही कमालीचे मूर्ख आहात."

"ते ऐकू आलं होतं," आप्पा म्हणाले. "म्हणताना तोंड बघायचं होतं." मग त्यांनी पट्टा ओढून घेतला. "रविवारी मासे नकोत. काटे काढत बसलं की जावयांना वर बघायला जमत नाही."