फाउस्तीनरावांचा पोळा

थांब राजीव, बंद कर ना ती बुलफाइट, मला नाही बघवत. नाही रे, व्हेजिटेरियन म्हणून नाही! आता सांगतेच का ते. वीणा, तू पण बस, चहा नंतर.

आमच्या कार्डिफच्या घराला लागून एक स्पॅनिश म्हातारा राहायचा, फाउस्तीनो. टेरेस्ड घरं, म्हणजे एकाला एक चिकटलेली, मागे दोन यार्ड, मधे कमरेएवढी भिंत. त्याची बायको ग्वेन एटी-सिक्समध्ये गेली, तेव्हापासून एकटा. मिल्कमन सोडून त्याच्या दाराशी कोणी थांबायचं नाही. आणि ऐका, हा माणूस स्पेनमध्ये एवढा फेमस होता की लोक त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचे! कौलं बनवणाऱ्याचा मुलगा, म्हणून रिंगमधलं नाव 'एल तेहेरो', कौलवाला. लहानपणी उपाशीपोटी कुंपणावरून उड्या मारायचा आणि लोकांच्या बैलांपुढे बापाचा शर्ट नाचवायचा. विशीत तर त्याची पोस्टर्स लागली. मग एका बैलानं मांडीत शिंग घातलं, पाय कायमचा अधू झाला, सगळं संपलं. ग्वेन तिथं कुणाची तरी मुलं सांभाळायला गेलेली, तिनं लग्न करून इकडे आणलं. आणि इकडे एल तेहेरो काय करायचा? बेकरीत पाव भाजायचा. कोणाला माहीत पण नाही!

मला माहीत, कारण मी शाळेत स्पॅनिश घेतलेलं. बाबा म्हणत होते फ्रेंच घे. बरं झालं नाही ऐकलं.

मग आजी गेली आणि आमचे आजोबा आले, पद्माकर आजोबा. उदगीरकडचे. घरी देवणी बैल, जत्रेत नंबर काढणारे, पंचक्रोशीत नाव. आणि आता कार्डिफ! बाबा हॉस्पिटलमध्ये, आई पण ड्यूटीवर, मी शाळेत. आजोबा दिवसभर ओव्हरकोट घालून यार्डात खुर्ची टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले, "मीनलबाई, इथं कुणी हंबरत सुद्धा नाही गं."

भिंतीच्या पलीकडे तो पण खुर्ची टाकून. दोघांना एकमेकांचं अक्षर कळायचं नाही, तरी रोज गप्पा! हा मराठीत, तो स्पॅनिशमध्ये. मी घरी आले की दोघं एकदमच, "हा काय म्हणाला विचार." तो त्यांना डॉन पद्माकर म्हणायचा.

डॉन म्हणजे तसला नाही रे राजीव! म्हणजे राव. आजोबा पण त्याला फाउस्तीनराव म्हणायचे.

एक दिवस त्यानं आम्हाला घरात बोलावलं. भिंतीवर हे एवढं मोठं पोस्टर. हा उभा, तरणाबांड, अंगावर सोन्याच्या जरीचं जाकीट, शेजारी काळाभोर बैल, बैलाच्या खांद्यावर रंगीत कागदाच्या झालरी लावलेल्या काठ्या, मागे माणसंच माणसं, फुलं उडतायत, बँड वाजतोय. आजोबा बघतच राहिले. मग एकदम माझा हात धरला, "अगं, हा तर पोळा! बघ की, बैलाला कसं सजवलंय! आणि हे फाउस्तीनराव मानाच्या बैलाचे मालक! मला वाटलंच होतं, बैलाचा माणूस लपत नाही."

बुलफाइट म्हणजे काय, ते मी सांगितलंच नाही. त्यांचा चेहरा इतका फुललेला, आल्यापासून पहिल्यांदा.

त्या वर्षीच्या पोळ्याला आजोबांनी माझ्या शाळेच्या आर्ट रूममधल्या मातीचा बैल केला. वशिंड, शिंगं, कान, सगळं असं परफेक्ट की वाटावं आता शेपूट हलवेल. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, वीणा, तुला पण माहीत नाही? वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं ना, म्हणून तूप-हळदीनं खांदा मळायचा आणि त्याला जेवायला बोलवायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आजोबांनी बैल भिंतीवर ठेवला, फाउस्तीनोचं बोट वाटीतल्या तुपात बुडवलं आणि बैलाच्या खांद्यावर टेकवलं.

तो थिजला. मला विचारलं, "इथंच का?" मी सांगितलं. त्यानं बोट काढलंच नाही. मग हळूच म्हणाला, "मीनल, तलवार इथंच घालायची असते. बरोबर इथं."

"काय म्हणतायत?" आजोबा.

फाउस्तीनो माझ्याकडे बघून, "त्याला सांगू नकोस. मला दुसरं कोणी नाही."

"म्हणतात, बैल छान झालाय," मी म्हटलं.

"मग! उद्या पुरणपोळीला या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तो आला. तीन पोळ्या खाल्ल्या आणि घरी जाऊन पोस्टर उतरवलं. भिंतीवर नुसता फिकट चौकोन राहिला. विचार करा ना, आख्ख्या आयुष्यात एकच गोष्ट केली जिचं नाव झालं, आणि तीच लपवायची, कशासाठी, तर भिंतीपलीकडच्या एका म्हाताऱ्यासाठी! स्पेनमध्ये ऑलिम्पिक झालं त्या वर्षी सगळ्यांना तिकडचं वेड लागलेलं, तेव्हा टीव्हीवाले त्याला शोधत आले. त्यानं दारातच सांगितलं, "तेहेरो मेला." आणि दार लावलं.

मग त्याला धाप लागायला लागली. एक दिवस आजोबांना कपाटापाशी नेलं. आत ते जरीचं जाकीट. मला म्हणाला, नीट सांग त्याला, आमच्यात माणूस हा पोशाख स्वतः घालत नाही. दुसरा माणूस घालतो, ज्याच्यावर जीव सोपवता येईल असा. मला घालायला माझा लुकास होता, तो गेला. मला शेवटचं हे कोण घालणार? अंत्यविधीचा धंदा करणारा अंडरटेकर? त्याला काय कळतंय!

आजोबांनी जाकिटावरून हात फिरवला. "घालतो म्हणावं. शब्द दिला. आमच्यात पण आपल्या माणसाला आपणच अंघोळ घालतो, कपडे घालतो. इथलंच हे असलं, परक्याच्या हातात द्यायचं."

नाइन्टी-थ्रीच्या मार्चमध्ये तो गेला. अंडरटेकरला सांगूनच ठेवलेलं, डॉन पद्माकर येतील. आणि त्याच संध्याकाळी न्यूजच्या शेवटी एकदम त्याचं नाव! एल तेहेरो, कार्डिफमध्ये अज्ञातवासात निधन. जुनी फिल्म. आजोबा समोरच्या खुर्चीत. मी उठेपर्यंत सुरूच झालं. तो धावतो, बैल धावतो, त्या झालरीच्या काठ्या खांद्यात घुसतात, काळं काळं काहीतरी ओघळतं. मग तलवार. बैल गुडघ्यावर बसला आणि सगळी माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली.

बाबांनी टीव्ही बंद केला.

"ती सजावट नव्हती," आजोबा म्हणाले.

मग माझ्याकडे बघून, "तुला ठाऊक होतं."

"हो. त्यांनीच नको म्हटलं सांगू. म्हणाले, मला दुसरं कोणी नाही."

ते जेवले नाहीत. बाबा म्हणाले, "नाना, मी फोन करून सांगतो अंडरटेकरला, तब्येत बरी नाही म्हणून. कोणी जबरदस्ती नाही करत."

आजोबा उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं, आता त्याला कोणीतरी पगारी माणूस कपडे घालणार, आणि तेवढी एकच गोष्ट मागितली होती बिचाऱ्यानं.

सकाळी उतरते तर आजोबा दारात, ओव्हरकोट, मफलर, टोपी. "चल. भाषेला कोणी पाहिजे."

फ्यूनरल होममध्ये गारठा, आणि पॉलिशचा वास. आजोबा मला म्हणाले, "तोंड फिरव." मी भिंतीकडे बघत उभी. मागे पाण्याचा आवाज, कपड्याचा आवाज, आजोबांचा श्वास. एकदा थांबले. मग, "शिंग पार हाडापर्यंत गेलंय. टाके कोणी घातले? घाईत घातलेत." असं बोलले ना, जसे गोठ्यात बोलत असतील.

मग म्हणाले, "वळ आता. बटणं लाव, माझी बोटं वळत नाहीत."

मी वळले. विजार, गुलाबी मोजे, कमरेला पट्टा, सगळं नीट. जाकीट बाजूला होतं, शर्ट अजून उघडा. आणि राजीव, खरं सांगते, आजोबांनी कोटाच्या खिशातून आमच्या किचनमधली छोटी स्टीलची डबी काढली. तूप आणि हळद. थंडीनं गोठलेलं. त्यांनी ते तळहातावर घासून पातळ केलं आणि त्याच्या खांद्यावर लावलं, मानेच्या मागे, तिथंच. मळत राहिले. त्या खोलीत आमच्या किचनचा वास आला.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले.

पुढचं मला पाठ होतं. मी वाट बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण पुढचं नाही आलं. रागानं की रडू आलं म्हणून, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी शर्ट ओढला, जाकीट चढवलं, मी बटणं लावली.

त्या वर्षी पोळ्याला त्यांनी बैल केलाच नाही. आई विचारायला गेली तर म्हणाले, "माती चांगली मिळत नाही इथली."

अजून बसतात यार्डात. पलीकडे आता एक यंग कपल आलंय, छान आहेत, भिंतीवर कुंड्या ठेवल्यात, फाउस्तीनोची खुर्ची यार्डात तशीच आहे. परवा मी घरी गेले तर आजोबांनी खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीकडे नेलेली, तोंड विटांकडे. मी म्हटलं, "आजोबा, इथून काय दिसतं?"

"काही नाही गं," म्हणाले. "तिकडून रिकामी खुर्ची दिसते."