मोटारीचा उजवा हात

सरोजबाईंचा कल्याणात दवाखाना होता. त्यांनी जुनी विलायती मोटार घेतली, तेही गावाने पोटात घातलं असतं. पण ती त्यांना स्वतः चालवायची होती. लहानपणी मोडलेला त्यांचा उजवा कोपर हाडवैद्याने इतके दिवस करकचून बांधून ठेवला, की तो पुढे कधी सरळ झालाच नाही. वळताना खिडकीबाहेर हात काढणं त्यांना जमत नसे. त्यासाठी मोटारीलाच दोन्ही बाजूंना दाराजवळ एकेक छोटा हात होता. बटण दाबलं की दिवा लागून तो बाहेर येई. नेमका उजवीकडचा बंद पडला होता, आणि लायसनची परीक्षा उद्यावर आलेली.

ठाण्याच्या काळुराम मेस्त्रीने त्या हाताच्या तुटक्या वायरला दोनदा कथलाचा डाग देऊन जोडलं. दोनदा ती पुन्हा तुटली.

"डॉक्टरीणबाय, आता नाय टिकाची," तो म्हणाला. "डायवर ठेवा ना एखादा. बाईमानसाला कशाला हवी ही कटकट?"

बाईंचं डोकं फिरलं. स्टूल ओढून त्या तिथेच बसल्या. "खोल तो हात."

वायर डागाला अगदी लागून तुटली होती, हात दरवेळी वाकायचा तिथे. बाईंनी एकदा आपल्या कोपराकडे पाहिलं. हाड जुळवताना सांधाच जखडून टाकायची ही तऱ्हा त्यांनी जन्मभर भोगली होती.

"वाकायचं तिथेच तू ती ताठ केलीस, काळुराम. जोड नकोच. अख्खी नवी वायर घाल आणि वाकते तिथे ढिली सोड."

"माझा बाप पन डागच द्याचा."

"मग त्याचंही चुकलं."

काळुराम गाल फुगवून बसला. बाईंनी डाव्या हाताने स्वतःच वायर ओवली आणि शंभरदा बटण दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचे साहेब शेजारी बसले. उजवं वळण आलं, हात झटक्यात बाहेर आला. साहेबांचं तोंड तरीही आंबटच.

"भररस्त्यात तुटला तर काय कराल, बाई? त्यापेक्षा ड्रायव्हर ठेवा."

बाईंनी मोटार कडेला घेतली, वायर ओढून काढली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"घड्याळ लावा," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांत हात पुन्हा बाहेर आला. सही करायला साहेबांना पेन सापडेना, तेव्हा बाईंनी आपलं दिलं.