कापडी कोंबडीची चोरी

मित्रांनो, हसायचे असेल तर आताच हसून घ्या. मी कोंबडीचा पोशाख आहे. पिवळ्या फरचा, लाल तुऱ्याचा, आत एक माणूस मावेल एवढा. माझा उजवा पंख फाटला आहे, काखेत घामाचे डाग आहेत आणि पोटावर टोमॅटो सॉसचा ओघळ आहे. तो मी सांडलेला नाही, माझ्यावर फेकलेला आहे. माणसांच्या हसण्याचे मला आता काहीच वाटत नाही. मी माणसांना फार जवळून पाहिले आहे.

माझा जन्म वॉर्साकडच्या वूच शहरातल्या लेओकादियाबाईंच्या शिवणखोलीत झाला. बाईंनी सारी हयात बालनाट्यांसाठी कोल्हे आणि अस्वले शिवली होती. एके दिवशी ‘सोनेरी तुरा’ कंपनीचा अधिकारी चित्र घेऊन आला. ही कंपनी समुद्रापलीकडून आली होती आणि तळलेल्या कोंबडीची दुकाने देशोदेशी उघडत चालली होती.

“चोच हसरी करा,” तो म्हणाला.

“साहेब, कोंबडीला ओठ नसतात. ती हसणार कशानं?”

“आमच्या कोंबड्या हसतात.”

“कापायच्या आधी की नंतर?” बाईंनी विचारले आणि सुईत दोरा ओवला.

अधिकारी हसला नाही. बाईंनी चोच मात्र हसरी शिवली, कारण काम ते काम. असा मी तोंडावर खोटे घेऊनच जन्माला आलो.

मला म्वावा गावी पाठवण्यात आले. त्या गावाभोवती जिकडे पाहाल तिकडे पोल्ट्रीच्या लांबलचक शेड आहेत. वारा फिरला की लोक खिडक्या लावतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. तिथे माझ्या आत शिरली ती बोग्ना. वय सत्तेचाळीस, नवरा वारलेला. अकरा वर्षे तिने आपल्या दिराच्या, झेनॉनच्या शेडमध्ये कोंबड्या पकडून ट्रकमध्ये भरल्या होत्या. एकेका हातात चार-चार, पायांना धरून उलट्या. शेवटी तिची बोटे मिटेनाशी झाली, तेव्हा ती या नोकरीवर आली. पंख हलवायला बोटे लागत नाहीत.

दुकानाच्या दारात उभे राहायचे, पोरांना मिठ्या मारायच्या आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही, हे तिचे काम. “पोशाखाला आवाज नसतो, बोग्नाबाई,” मॅनेजर झेमोवित तिला म्हणाला. “पोशाख म्हणजे निव्वळ आनंद!” माझ्या डोक्यात कापूस आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या डोक्यात काय होते, ते शेवटपर्यंत कळले नाही.

दाराच्या काचेवर एक चित्र होते. हिरवे कुरण, वर सूर्य, खाली तीन गुटगुटीत कोंबड्या आणि अक्षरे : ‘आमच्या कोंबड्या सुखात वाढतात.’ ते पाहून बोग्ना माझ्या आत पुटपुटायची. “सूर्य म्हणे! शेडमधून ट्रकपर्यंत जाताना काय दिसला असेल तेवढाच. तोही माझ्या हातात उलटं लटकून.” तिच्याच पुटपुटण्यातून मला कळत गेले की त्या कोंबड्या सहा आठवड्यांत मारल्या जातात. अंग एवढे फुगवलेले असते की पाय पेलत नाहीत. मग त्या आपल्याच घाणीत बसून राहतात आणि घाणीतल्या अमोनियाने छाती भाजून निघते. मी दारात उभा राहून त्यांच्या नावाने पंख हलवत होतो.

दर शनिवारी समोरच्या फुटपाथवर चार-पाच जण पत्रके वाटायला येत. त्यांची म्होरकी कालिना, वॉर्साहून रेल्वेने येणारी बावीस वर्षांची मुलगी. त्यांचे मागणे तरी केवढे? इतक्या झपाट्याने फुगणारी जात वापरू नका. थोडी जागा द्या. थोडा उजेड द्या. दुकान बंद करा असेही ते म्हणत नव्हते. लोक पत्रक घ्यायचे, आत जायचे आणि त्यालाच बोटे पुसून बाहेर यायचे.

एकदा कालिना माझ्यासमोर येऊन म्हणाली, “लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?”

बोग्नाला बोलायची बंदी होती. तिने पंख हलवले. पण आतल्या आत ती म्हणाली, “वाटते गं पोरी. पण लाजेवर चूल पेटत नाही.”

मग याग्नाचा वाढदिवस आला. याग्ना सहा वर्षांची होती. दुकानात फुगे लागले होते, वीसेक पोरे कलकलत होती आणि तिचे वडील मोबाइल उंच धरून सगळे टिपत होते. याग्नाने मला मिठी मारली. तिच्या हातात तळलेली तंगडी होती. तिने तंगडीकडे पाहिले, मग माझ्या पायाकडे, मग वर माझ्या काचेच्या डोळ्यांत.

“तुझा पाय काढतात तेव्हा दुखतं का गं?”

मोठी माणसे खो खो हसली. झेमोवितने काउंटरमागून खूण केली : पंख हलव, पंख हलव. बोग्नाचे काळीज माझ्या फरवर आतून धडका देत होते. तिने माझे डोके काढून काखेत धरले आणि ती गुडघ्यांवर बसली.

“दुखतं, बाळा,” ती म्हणाली. “त्याच्या आधीही दुखतं. मी पकडायचे ना त्यांना. त्या ओरडतात, पण पिल्लांसारख्या चिवचिवतात. दिसतात मोठ्या, पण असतात पिल्लंच.”

“अहो, काय बोलताय!” वडील ओरडले. “वाढदिवस आहे पोरीचा!”

“तिनं विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत?”

त्यावर वडिलांनी काय करावे? त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि समोरचा घास तोंडात घातला. याग्नाने मात्र तंगडी हळूच परत ताटलीत ठेवली, झोपलेल्याला ठेवावे तशी.

“बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता!” झेमोवितचा चेहरा माझ्या तुऱ्यासारखा झाला होता. “आणि पोशाख काढून ठेवा. कंपनीचा आहे तो!”

“आत नुसते आतले कपडे आहेत, साहेब. इथंच काढू? पोरांचे फोटो चाललेत.”

तिने माझे डोके पुन्हा चढवले, रस्ता ओलांडला आणि ती कालिनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कालिना दोन पावले मागे सरकली.

“घाबरू नकोस,” बोग्ना म्हणाली. “दे ती पत्रकं इकडे. पकडायला नीटसं जमत नाही आता, तू पंखात खोचून दे.”

कंपनीने पोलिसांत चोरीची फिर्याद दिली. चोरीस गेलेली वस्तू : कापडी कोंबडी, एक. खटल्यात कंपनीच्या वकिलाने माझ्या इभ्रतीवर पाऊण तास भाषण केले. माझा वापर कसा गैर झाला, माझ्या प्रतिमेला केवढी इजा झाली! तो कळवळून बोलत होता हो. त्या पाऊण तासात हाडामांसाच्या किती कोंबड्या गावाबाहेर उलट्या टांगल्या गेल्या, हे त्याला कुणी विचारले नाही. कोंबडीला इजा होते हे त्या लोकांना मान्य होते, फक्त ती कापडाची हवी. न्यायाधीशबाईंनी मला परत करायचा हुकूम दिला. बोग्नाने मला घडी घालून नेले, तर झेमोवितने पोटावरचा डाग पाहून नाक धरले. “शी! हे कशाला आणलंत? कचऱ्यात टाका.” तिने मला पुन्हा अंगात चढवले.

पुढची सात वर्षे आम्ही कालिनाच्या संघटनेबरोबर पत्रके वाटत वॉर्सा, ब्रनो, बुडापेस्ट, क्लुज असे हिंडलो. प्रत्येक गावात तोच तेलाचा वास, तेच कुरण आणि तोच सूर्य, खाली फक्त भाषा वेगळी. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे, “किती छान काम करता!” म्हणायचे आणि आत जाऊन रांगेत उभे राहायचे. मला लाथ मारणारा एक विद्यार्थी त्यांच्यापेक्षा बरा. तो निदान खोटे तरी बोलला नाही.

शेवटी कंपनीने वचन दिले. पाच वर्षांत सगळे सुधारू, म्हणाले. कॅमेरे आले, कालिना रडली. त्याच आठवड्यात कंपनीने पूर्वेकडच्या आणखी दोन देशांत दुकाने उघडली. पाच वर्षे सरली तेव्हा कंपनी म्हणाली, ती तारीख नव्हती, ती दिशा होती.

“एवढ्या वेळात कोंबड्यांच्या चाळीस पिढ्या कापून झाल्या,” बोग्ना म्हणाली, “आणि ह्यांना एक शब्द पाळायला सवड झाली नाही.”

त्यानंतर संघटनेत नवी मुले आली. त्यांच्याकडे ड्रोन होते, छुपे कॅमेरे होते. “हे काय, सर्कस?” म्हणत त्यांनी मला कपाटात कोंबले. कापड खाणारी कसर सगळीकडची सारखीच. दोन वर्षांनी बोग्नाने मला मागून घेतले आणि म्वावाला आपल्या घरी नेले.

गेल्या ऑक्टोबरात, बिटाच्या शेतालगतच्या वळणावर, ट्रकमधून एक कोंबडी खाली पडली. बोग्नाने ती कोटात गुंडाळून आणली. तिला उभे राहता येत नव्हते. स्वयंपाकघरात शेगडीजवळ बोग्नाने मला जमिनीवर पसरले आणि माझ्या पोटावर तिला ठेवले.

मित्रांनो, आयुष्यभर मी कोंबडी म्हणून मिरवलो, आणि खरी कोंबडी मला तेव्हा पहिल्यांदा भेटली. तिची पिसे विरळ होती. छाती उघडी आणि लाल होती. तिला दुकानातल्या तेलाचा नाही, अमोनियाचा वास येत होता. एवढ्या मोठ्या अंगातून पिल्लाचा चिवचिवाट निघत होता.

दीर झेनॉन आला, दारातूनच म्हणाला, “वहिनी, ही जगायची नाही. घडणच तशी आहे त्यांची. सूप करून टाका.”

“मरेल ती,” बोग्ना म्हणाली. “पण तुझ्या सोयीनं नाही.”

बोग्नाने तिचे नाव कुल्का ठेवले आणि पायांवरचा भार वाढू नये म्हणून तिला मोजकेच ओट शिजवून घातले. नवव्या दिवशी कुल्का माझ्यावरून उठली. तीन पावले चालली, बसली, पुन्हा उठली. अंगणात गेल्यावर तिने एका पायाने माती उकरली. ते तिला कुणी शिकवले होते? तिच्या सात पिढ्यांनी माती पाहिली नव्हती. जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी, उन्हाच्या तुकड्यात बसलेली असताना, तिचे हृदय थांबले. बोग्नाने अंगणातल्या झुडपाखाली खड्डा खणला. बोटे मिटत नव्हती, म्हणून वेळ लागला.

मला जपा, मला धुऊन ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. मी कापूस आहे. कापसाला जपणारे वकील भरपूर आहेत. मी एवढेच सांगतो : जिला कधी पाहिले नाही तिला खाण्याआधी, एकदा जिवंतपणी हातात घ्या. वजन करायला नव्हे. तिचे काळीज केवढ्या घाईने धडधडते, ते तळहाताला कळावे म्हणून.